भेकमांस : ग्रंथातील उल्लेख आणि आजच्या वैद्याचे कर्तव्य

अन्नपानविधीतील मांसवर्ग आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात अभ्यासला आहे. परंतु परीक्षा आटोपल्यावर त्या वर्गाकडे पुन्हा वळण्याचा प्रसंग बहुतेकांना येत नाही. अजमांसरस, कुक्कुटमांसरस आणि क्वचित मत्स्य एवढ्यावरच आपला व्यवहार चालतो. गेल्या काही वर्षांत मात्र पावसाळ्याच्या तोंडावर एक निराळा प्रश्न आपल्या व्यवसायात डोकावू लागला आहे. बेडकाच्या तंगड्या बलवर्धक असतात काय, दमा, कंबरदुखी किंवा शुक्रदौर्बल्य यांवर त्यांचा उपयोग होतो काय, असे विचारणारे रुग्ण भेटतात. कोणी गोव्यास सहलीला जाऊन तो पदार्थ चाखून आलेला असतो, तर कोणी भ्रमणध्वनीवरील चित्रफीत पाहिलेली असते. आणि प्रश्नाच्या शेवटी हमखास एक वाक्य येते, “डॉक्टरसाहेब, तुमच्या पोथीतच ते लिहिले आहे ना?”

वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावात बेडूक खाण्याची सर्वसाधारण चाल नाही. पाऊस लांबला की कडुनिंबाच्या डहाळीला बेडूक बांधून घरोघर धोंडी मागत हिंडणारी मुले आमच्या पिढीने पाहिली आहेत. त्या मुक्या जीवाचे त्यात हालच होत. पण त्याच्याकडे पर्जन्याचा दूत म्हणून पाहिले जाई, ताटातील पदार्थ म्हणून नव्हे. अशा प्रदेशातूनही हा प्रश्न येऊ लागला आहे, म्हणून आपल्या संघटनेच्या सभासदांपुढे तो विचारार्थ मांडणे मला आवश्यक वाटते.

माझे मत प्रारंभीच सांगतो. भेकमांसाचा ग्रंथांत उल्लेख आहे, हे वैद्याने नाकारू नये. परंतु त्याच ग्रंथांतील अग्नी, ऋतू, देश आणि मांसपरीक्षा यांचे नियम लावले असता आजच्या काळी, आपल्या भागात, पावसाळ्यात पकडलेला बेडूक कोणाही रुग्णास सुचविणे शास्त्रसंमत ठरत नाही. कायद्याचा निषेध तर आहेच. परंतु वैद्याचा नकार केवळ कायद्याच्या धाकाने येऊ नये, तो शास्त्राच्या आधाराने यावा.

ग्रंथांत नेमके काय आहे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात प्राण्यांचे आठ गण त्यांच्या राहण्याच्या आणि खाण्याच्या पद्धतीवरून सांगितले आहेत. त्यांतील भूमिशय गणात, म्हणजे बिळात किंवा जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्यांत, घोरपड, साळिंदर, मुंगूस यांच्यासमवेत भेकाची गणना आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयात बिलेशयांची नावे देताना भेक प्रथम घेतला आहे. बेडूक पाण्यात दिसतो, तरी आचार्यांनी त्यास वारिशयांत किंवा वारिचरांत घातले नाही, ही बाब लक्षणीय आहे. उन्हाळाभर जमिनीत दडून राहणारा आणि पावसासरशी वर येणारा प्राणी त्यांनी नीट पाहिला होता. शार्ङ्गधरानेही पित्तनाडीच्या गतीला उपमा देताना मंडूकाची उडी घेतली आहे. प्राचीन वैद्यांचे निरीक्षण पाणथळ जागांपर्यंत पोहोचले होते, याची ही साक्ष होय.

गणाचे गुण सांगताना चरकाने प्रसह, भूमिशय, आनूप, वारिज आणि वारिचर यांचे मांस गुरू, उष्ण, स्निग्ध, मधुर, बल व उपचय वाढविणारे, वृष्य, अत्यंत वातहर, परंतु कफपित्तवर्धक असे सांगितले आहे. ते कोणास हितकर, हेही तेथेच आहे : जो नित्य व्यायाम करतो आणि ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, त्यास. बृंहणासाठी मांसाइतका दुसरा आहार नाही, हेही चरकाचे मत आपणास ठाऊक आहे. तेव्हा रुग्ण ‘ग्रंथात आहे’ म्हणतो ते खोटे नाही. त्याने अर्धे वाक्य ऐकलेले असते, एवढेच. ‘वृष्य’ आणि ‘बल्य’ हे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतात. ‘कफपित्तवर्धक’ आणि ‘दीप्ताग्नीस हितकर’ हे शब्द पोहोचत नाहीत. ते पोहोचविणे हेच आपले काम आहे.

शिवाय द्रव्याचे गुणवर्णन आणि द्रव्याच्या सेवनाची आज्ञा या दोन भिन्न गोष्टी आहेत. आचार्यांनी त्या काळी लोक जे जे खात असत त्या सर्वांचे गुणदोष नोंदविले. अशा नोंदीवरून ‘आयुर्वेद बेडूक खावयास सांगतो’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे शब्दकोशात एखादा शब्द आहे म्हणून तो प्रत्येक वाक्यात वापरलाच पाहिजे, असे म्हणण्यासारखे होय.

ऋतू आणि अग्नी

बेडकाची शिकार केव्हा होते, हे पाहिले म्हणजे खरा विरोध ध्यानात येतो. गोव्यात जून महिन्यातील पहिल्या जोरदार सरी कोसळल्या की शेतांत, डबक्यांत आणि कातळावरील पाणथळीत मोठे बेडूक एकत्र येतात. या दिवसांत नराचा वर्ण लिंबासारखा पिवळाधमक होतो, गळ्याशी निळे स्वरकोश फुगतात आणि त्याची हाक दूरवर ऐकू येते. ती हाकच त्याचा घात करते. रात्री विजेरी व पोते घेऊन माणसे आवाजाच्या रोखाने जातात. तीव्र प्रकाशझोत डोळ्यांवर पडला की बेडूक जागीच थबकतो आणि हाताने सहज उचलता येतो. पुढे मागील पाय कंबरेपासून तोडून, कातडी ओढून काढली जाते. तंगड्यांना आले, लसूण, हळद, मिरची आणि लिंबू लावून त्या रव्यात घोळवून तळतात किंवा लोणी-लसणीत परततात. खाणावळीत या पदार्थास ‘जंपिंग चिकन’ असे गंमतीचे नाव पडले आहे. उरलेले धड टाकून दिले जाते.

म्हणजे हे मांस ताटात येते ते वर्षा ऋतूच्या अगदी प्रारंभी. आदानकालाने दुर्बल झालेला देह, मंदावलेला अग्नी, प्रकुपित वात, आम्लविपाकी जल आणि संचित होऊ लागलेले पित्त हे वर्षाऋतूचे चित्र आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. या ऋतूत मांस घ्यावयाचेच झाल्यास आचार्यांनी जांगल मांस, जुने धान्य, यूष आणि दीपन द्रव्ये यांची योजना केली आहे. बिलेशय गण जांगलात मोडत नाही. वाग्भटाने त्यास जांगल आणि आनूप यांच्यामधील साधारण कोटीत ठेवले आहे. तेव्हा गुरू, उष्ण, कफपित्तकर असे मांस, तेही तेलात तळून, बहुधा मद्यासोबत, आणि नेमके अग्निमांद्याच्या दिवसांत! तमकश्वासाच्या रुग्णास पावसाळ्यात हा आहार ‘औषध’ म्हणून देणे म्हणजे कफाने अडलेल्या स्रोतसांत आणखी कफाची भर घालणे होय. श्वासावर आपल्याकडे वासा, कंटकारी, पिंपळी, भारंगी ही द्रव्ये आहेत. बृंहणास दूध, तूप, उडीद, अश्वगंधा, शतावरी, अंडी आहेत. आणि मांसच हवे असल्यास मानवी धातूंशी समान व अनभिष्यंदी म्हणून चरकाने गौरविलेले बोकडाचे मांस आहे. यातले काहीही मिळण्यासाठी अंधाऱ्या रात्री डबक्यात उतरावे लागत नाही.

आधुनिक पोषणकोष्टकांनुसार कच्च्या तंगड्यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १६ ग्रॅम प्रथिने आणि नाममात्र चरबी असते. हे प्रमाण चांगले आहे, पण अद्वितीय मुळीच नाही. आमच्या भागातील प्रत्येक घरात असलेल्या तुरीच्या डाळीत वजनागणिक याहून अधिक प्रथिने असतात. ‘बेडकात विशेष शक्ती’ या समजाला या कोष्टकातूनही आधार मिळत नाही.

‘भेक’ म्हणजे कोणता बेडूक?

संदिग्ध द्रव्यांविषयी आपण वनस्पतींच्या बाबतीत पुष्कळ चर्चा करतो. रास्ना कोणती, मूर्वा कोणती, यावर परिसंवाद झाले आहेत. प्राणिज द्रव्यांच्या संदिग्धतेकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे आणि येथे ते जिवावर बेतू शकते. संस्कृतात भेक म्हणजे बेडूक. परंतु मराठी जीवशास्त्राच्या पुस्तकांत ‘भेक’ हा शब्द इंग्रजीतील ‘टोड’साठी, म्हणजे खरखरीत कातडीच्या, पुटकुळ्या असलेल्या, घराच्या कोपऱ्यात व दिव्याखाली किडे टिपत बसणाऱ्या प्राण्यासाठी रूढ आहे. या प्राण्याच्या डोळ्यांमागे विषग्रंथी असतात. त्यांच्या स्रावातील द्रव्ये हृदयावर डिजिटॅलिससारखी क्रिया करतात. उलट्या, नाडी मंद व अनियमित होणे आणि अखेर हृदय बंद पडणे, असा क्रम संभवतो. शिजविल्याने हे विष नाहीसे होईलच असा भरवसा नाही. आशिया खंडातील काही देशांत बेडूक समजून हा प्राणी किंवा त्याची अंडी खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

आता कल्पना करा, एखाद्या मुलाने मराठी पुस्तकात ‘भेक’ पाहिला आणि त्याच्या घरातील वडीलधाऱ्याने आपल्या तोंडून ‘भेकमांस बल्य’ असे ऐकले! शब्द एक, प्राणी दोन आणि परिणाम विपरीत. सुश्रुताने कल्पस्थानात मंडूकांचे आठ प्रकार विषारी म्हणून वर्णिले आहेत. दंशस्थानी कंडू आणि मुखातून पिवळा फेस ही लक्षणे सांगून, भृकुटी आणि कोटिक या दोन प्रकारांत दाह, छर्दी आणि गाढ मूर्च्छा होते, असे म्हटले आहे. त्यांतील कोणता प्रकार आजच्या कोणत्या जातीशी जुळतो हा संशोधनाचा विषय असला, तरी ‘बेडूक म्हणजे निरुपद्रवी’ असे आचार्यांनी मानले नव्हते, एवढे त्यावरून निश्चित होते.

रोगजंतूंचा विचारही सोडता येत नाही. तंगड्यांच्या व्यापारात साल्मोनेला जंतूंचा प्रादुर्भाव ही जुनी डोकेदुखी आहे. तसेच बेडकाच्या मांसात पट्टकृमीची एक बालावस्था असू शकते. चीन, व्हिएतनाम इत्यादी देशांत ताजे बेडूकमांस डोळ्यांवर किंवा जखमेवर बांधण्याच्या लोकप्रथेमुळे हा कृमी माणसाच्या ऊतींत शिरल्याचे आढळले आहे. आपल्याकडे कोणी असा लेप सुचवीत असल्यास त्यास वेळीच थांबवावे.

विषहत मांस

चरकाने कोणते मांस टाकून द्यावे हे सांगताना आपोआप मेलेल्या, कृश, अतिमेदस्वी, अतिवृद्ध व अतिबाल प्राण्याचे, तसेच विषाने मारलेल्या आणि आपल्या स्वाभाविक प्रदेशाबाहेर वाढलेल्या प्राण्याचे मांस वर्ज्य मानले आहे. यांतील विषाचा मुद्दा आजच्या वऱ्हाडात सर्वांत महत्त्वाचा आहे.

आमचा मालेगाव तालुका काय किंवा संपूर्ण वाशीम जिल्हा काय, खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. खोडमाशी, चक्रीभुंगा, उंटअळी, पाने खाणारी अळी यांच्यासाठी फवारणी चालते. तत्पूर्वी तणनाशक असते. हे सर्व पावसाच्या पाण्याबरोबर बांधाखालच्या डबक्यात उतरते, आणि बेडकाची वीण त्याच डबक्यात असते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते कातडीतून शोषतो. कातडीतूनच तो काही अंशी श्वासही घेतो. म्हणून पाण्यात जे असेल ते त्याच्या शरीरात जाण्यास विलंब लागत नाही. त्यात भर म्हणजे त्याचा आहारच फवारणीने अर्धमेले झालेले किडे हा असतो. पाकक्रियेने जंतू मरतात. कीटकनाशकाचा अंश मात्र फोडणीने नष्ट होईल, असे मानता येत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ते आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. ज्या शेतात धडधाकट माणूस फवारणी करताना कोसळतो, त्या शेतातील बेडूक ‘रानातला, म्हणून शुद्ध’ कसा म्हणावा? हे प्रकारांतराने विषदूषित मांसच होय.

एका व्यापाराचा धडा

बेडूक कमी झाल्याने काय होते, हा प्रश्न आपल्या देशाने एकदा अनुभवला आहे. भारतातून गोठविलेल्या तंगड्यांची निर्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स, अमेरिका इत्यादी देशांकडे जोरात चालू होती. १९८१ साली ती ४,००० टनांच्या वर गेली होती. एक किलो तंगड्यांसाठी वीस ते पन्नास बेडूक लागतात. किमान हिशेब धरला तरी त्या एका वर्षात आठ कोटी बेडकांचा संहार झाला असे दिसते. पकडणारे गरीब लोक होते, नफा निर्यातदारांचा होता, आणि हानी शेतकऱ्याची होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीशी आयुष्यभर निगडित असलेले मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी बेडकाच्या आहाराचा आणि शेतीला त्याच्यापासून होणाऱ्या लाभाचा अभ्यास करून या निर्यातीविरुद्ध लेखणी चालविली. १९८५ साली त्यांचा विस्तृत लेख संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारतातील दोन प्रमुख जातींचा समावेश वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात झाला आणि १९८७ साली भारत सरकारने निर्यात बंद केली. पुढे हा व्यापार इंडोनेशियाकडे सरकला. २०११ ते २०२० या दशकात युरोपीय संघाने सुमारे ४०,७०० टन तंगड्या आयात केल्या आणि त्यांतील बहुतांश इंडोनेशियातून गेल्या. खाणाऱ्याचे ताट पॅरिसमध्ये आणि रिकामे झालेले शेत जावा बेटावर, अशी ही विभागणी आहे.

मोठा बेडूक किडे, खेकडे, प्रसंगी लहान उंदीरही गिळतो. त्याची पिल्ले, म्हणजे भैरे, मांसाहारी असून डासांच्या अळ्या खातात. बेडूक वाढले की डेंग्यू संपेल, असा दावा मी करणार नाही. डेंग्यूचा डास घरातील रांजणात, कूलरमध्ये आणि टायरमध्ये वाढतो, तेथे बेडूक पोहोचत नाही. पण उघड्या पाण्यातील डासांची गोष्ट निराळी. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका आणि पनामा या देशांत बुरशीजन्य रोगाने बेडकांचा मोठ्या प्रमाणावर नाश झाल्यानंतर हिवतापाचे रुग्ण वाढले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले आहे. २००६ च्या चिकुनगुन्याने सांध्यांना कवटाळून बसलेले रुग्ण ज्यांनी महिनोन्‌महिने पाहिले, त्या वैद्यांस डासांचे मोल वेगळे सांगावयास नको.

येथे जनपदोद्ध्वंसाचे स्मरण होते. विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात दूषित जलाची लक्षणे देताना चरकाने विकृत गंध, वर्ण, रस यांच्या बरोबरीने एक विलक्षण लक्षण दिले आहे : ज्या पाण्यातून जलचर पक्षी निघून गेले आहेत आणि जलाश्रयी जीव क्षीण झाले आहेत, ते पाणी दूषित समजावे. रोगाच्या साथीचे पूर्वरूप आचार्य रुग्णाच्या नाडीत शोधण्यापूर्वी गावाच्या तळ्यात शोधीत होते. २०२३ साली झालेल्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती संकटग्रस्त आढळल्या. आपला मोठा पिवळा बेडूक आज त्या यादीत नाही, हे खरे. परंतु कीटकनाशकांनी आणि बुजविलेल्या नाल्यांनी त्याची जागा रोज आकसत असताना त्याच्या विणीच्या चार रात्री तरी त्याला सोडाव्यात. समुद्रकिनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारीबंदी असते, तिचेही कारण हेच आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, हा शाकाहाराचा छुपा प्रचार आहे. तसे नाही. मांसरस हे आपल्या चिकित्सेतील समर्थ शस्त्र आहे. शोषाच्या आणि प्रदीर्घ ज्वरातून उठलेल्या रुग्णास मी स्वतः ते लिहून देतो. येथे विरोध आहे तो एका विशिष्ट प्राण्याला, विशिष्ट काळी, खोट्या गुणांच्या नावाखाली मारण्यास.

दुसरा आक्षेप परंपरेचा. ईशान्य भारतातील काही जनजातींत आणि गोव्यातील काही घरांत बेडूक खाणे जुने आहे, त्यांना हीन लेखू नये. हे मला पूर्ण मान्य आहे. सात्म्य हा आपल्याच शास्त्रातील सिद्धांत आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार हसण्यावारी नेणारा वैद्य चांगला वैद्य नव्हे. परंतु घरच्या चुलीसाठी वर्षातून एकदा आणलेले दोनचार बेडूक आणि पर्यटकांच्या मागणीसाठी पोत्यांनी भरलेले बेडूक यांत अंतर आहे. दुसऱ्या प्रकाराला परंपरेचे नाव देणे ही परंपरेचीच फसवणूक होय. आणि ज्यांना हा आहार सात्म्य नाही, त्या वऱ्हाडातील रुग्णास ती सबब लागूच पडत नाही.

तिसरा आक्षेप असा की, बेडूक उपद्रवीही असतो. अंदमानात बाहेरून गेलेला हाच मोठा बेडूक तेथील स्थानिक जीवांस घातक ठरला आहे, हे सत्य आहे. परंतु यातून देशविचाराचे महत्त्वच सिद्ध होते. एका देशी जो उपकारक, तोच परदेशी अपकारक. द्रव्याचा गुण देशावाचून सांगता येत नाही. तेच कारण बेडूकपालनाच्या व्यवसायालाही लागू आहे. परजातीचे पाळीव बेडूक निसटून देशी जीवांवर उठल्याची आणि त्यांच्यासोबत रोग पसरल्याची उदाहरणे जगात आहेत.

आपण काय करावे?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात बेडकास संरक्षण देण्यात आले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. संरक्षित प्राण्याची शिकार तर सोडाच, त्याचे मांस विकणे आणि बाळगणे हाही अपराध असून त्यास कारावास व दंड अशी शिक्षा आहे. गोव्याचे वनखाते पावसाळ्यात रात्रीची गस्त घालते आणि खाणावळींनाही तंबी देते. औषधी दुकानदार बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कस्तुरीच्या जागी लताकस्तुरी आपण केव्हाच स्वीकारली. ‘सांड्याचे तेल’ रस्त्यावर विकणाऱ्यांपासून आपले दुकान आपण दूर ठेवले. तोच विवेक येथे हवा. कोणी ‘मंडूकाचे’ म्हणून तेल, चरबी किंवा सुकविलेले मांस पुरवू लागल्यास ते घेऊ नये, विचारणाऱ्यास आणवून देण्याचे आश्वासनही देऊ नये. मंडूकपर्णी मागणाऱ्या ग्राहकाच्या मनात काही गैरसमज असल्यास, ती केवळ पानाच्या आकृतीवरून नाव पडलेली वनस्पती आहे, हे एका वाक्यात सांगावे.

संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, ज्येष्ठ-आषाढातील एका मासिक सभेत मांसवर्गावर चर्चा ठेवावी, आणि तीत प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावून बेडूक व टोड यांची ओळख, तसेच विषबाधेची लक्षणे समजून घ्यावीत. दुसरी, कृषी विज्ञान केंद्रांच्या शेतकरी मेळाव्यांत वैद्यांनी जावे. आमच्या जिल्ह्यात असे केंद्र रिसोड तालुक्यात करडा येथे आहे. फवारणीतील दक्षता आणि बांधावरील पाणथळीचे रक्षण हे दोन्ही विषय तेथे एकत्र मांडता येतील, कारण शेतकऱ्याचे आरोग्य आणि बेडकाचे आरोग्य एकाच डबक्याला बांधलेले आहे. तिसरी, आपल्या भागात बेडकांची शिकार किंवा विक्री दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मात्र पकडणारा भुकेपोटी आला असेल, तर प्रथम त्याच्याशी बोलावे. तो बहुधा आपलाच रुग्ण असतो.

राहिला प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाचा. त्याला हिडीसफिडीस करू नये, की ‘ग्रंथात असे काही नाही’ असे खोटेही सांगू नये. आज ना उद्या कोणीतरी त्याला तो अध्याय दाखवील आणि मग त्याचा विश्वास आपल्यावरून उडेल, शास्त्रावरूनही उडेल. त्याला एवढेच सांगावे : होय, ग्रंथात आहे, आणि त्याच ग्रंथात कोणी, केव्हा आणि कोठले मांस खाऊ नये, हेही आहे. तुझा अग्नी मंद आहे, ऋतू पावसाळ्याचा आहे, शेतात विष आहे आणि तुझ्या व्याधीस याहून चांगले, स्वस्त व निर्धोक औषध माझ्याजवळ आहे. असे उत्तर ऐकून रुष्ट झालेला रुग्ण माझ्या पाहण्यात नाही. त्याला नकारापेक्षा कारण हवे असते, आणि ते कारण आपल्या शास्त्रात भरपूर आहे.

सुज्ञ वाचकांनी यावर आपली मते अवश्य कळवावीत, ही विनंती.